अंजनेरीवरची पाण्याची बाटली: एक प्रकरण

श्रावणातल्या कुठल्याही रविवारी त्र्यंबक रस्ता सोडून अंजनेरी गावात वळलात, तर आधी पार्किंगचा प्रश्न भेटतो, प्लास्टिकचा त्यानंतर. नाशिकपासून जेमतेम २०-२२ किलोमीटर. सकाळी मिसळ खाऊन निघालं तरी चढून-उतरून उशिराच्या जेवणाला घरी पोचता येतं, त्यामुळे गर्दीला कारण लागत नाही. शनिवारी रुईच्या पानांची माळ आणि तेल घेऊन भाविक येतात, पावसाळ्यात ओल्या पायऱ्यांवर रील काढायला कॉलेजची पोरं येतात, पाऊस ओसरत आला की फुलं शोधणारे पठारावर गुडघे टेकून बसलेले दिसतात. हनुमानाचा जन्म याच डोंगरावरचा, अशी इथली श्रद्धा. कर्नाटकातल्या अंजनाद्रीचा आणि तिरुमलाचाही तोच दावा आहे. त्या वादात मी शिरत नाही.

या डोंगराला २०१७ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. क्षेत्र लहानच, सहा चौरस किलोमीटरच्या आत. पण पठारावरच्या उथळ मातीत अंजनेरीचं कंदीलपुष्प उगवतं, शास्त्रीय नाव सेरोपेजिया अंजनेरिका; नवी जात म्हणून त्याची नोंद २००६ मधली. कड्यांवर लांब चोचीच्या गिधाडांची घरटी आहेत. पाऊस झाला की इथलं पाणी गोदावरीच्या खोऱ्यात उतरतं, आणि वाटेत हलकंफुलकं जे पडलेलं असेल ते सोबत घेऊन उतरतं.

इथे मांडतो आहे ते प्रकरण एका वाटेपुरतं, एका पावसाळ्यापुरतं आणि मुख्यतः एका वस्तूपुरतं आहे. वाट म्हणजे पायथ्याच्या टपऱ्यांपासून पठारावरच्या अंजनीमातेच्या मंदिरापर्यंतची. वस्तू म्हणजे पिण्याच्या पाण्याची प्लास्टिकची बाटली. पायथ्याशी कणीस, काकडी, लिंबूसरबत, चहा आणि बाटल्या विकणाऱ्या गावातल्या नि पाड्यांवरच्या बाया एका बाजूला. सुट्टीच्या दिवशी गोण्या घेऊन कचरा वेचणारा आमचा नाशिकचा छोटा गट दुसऱ्या बाजूला. मधे येणारे-जाणारे. वन विभागाचे कर्मचारीही असतात, पण रविवारच्या गर्दीपुढे मोजकेच.

दोन बाजू म्हणतो कारण गटाचं आणि टपऱ्यांचं वाकडं होतं. गटातल्या बहुतेकांचं ठाम म्हणणं होतं की घाण टपऱ्यांमुळेच होते. टपऱ्या उठवा, डोंगर आपोआप स्वच्छ होईल. तसा अर्जही लिहून तयार होता.

कायदा कुणाच्या बाजूने

अर्ज लिहिणाऱ्यांना वाटत होतं की प्लास्टिकबंदीचा कायदा आपल्या हातात आहे. तो बाटलीच्या बाबतीत फारसा कामाचा नाही. महाराष्ट्राची अधिसूचना २३ मार्च २०१८ ची, दंडाची अंमलबजावणी त्याच वर्षी २३ जूनपासून. पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,०००, तिसऱ्या वेळी २५,००० आणि तीन महिने कैद. केंद्राची बंदी घातलेल्या वस्तूंची यादी १ जुलै २०२२ पासून लागू झाली: प्लास्टिकचे पेले, ताटल्या, चमचे, स्ट्रॉ, थर्माकोलची सजावट, मिठाईच्या खोक्यावरचं पातळ वेष्टन. त्याच महिन्यात राज्याने आतून प्लास्टिकचा थर दिलेले कागदी कप आणि प्लेटही बंदीत घेतले. टपरीवरचा चहाचा कागदी कप त्यामुळे अडचणीत आला. लिटरची बाटली मात्र राजरोस विकता येते. २०१८ च्या अधिसूचनेत बाटलीवर रुपया-दोन रुपयांची परतीची किंमत छापावी आणि ती देऊन रिकामी बाटली परत घ्यावी, अशी तरतूद होती. चांगली होती. त्र्यंबक रस्त्यावरच्या एकाही दुकानात मी तिचा अनुभव घेतलेला नाही. चिप्सच्या पाकिटावर आणि बिस्किटाच्या वेष्टनावरही बंदी नाही. त्यांच्या कचऱ्याची जबाबदारी उत्पादकावर टाकलेली आहे, आणि उत्पादक काही अंजनेरी चढून येत नाही.

ज्या कलमाचा इथे खरा उपयोग आहे ते वेगळ्याच कायद्यात आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२, कलम २७, पोटकलम ४: अभयारण्यात वन्यप्राण्यांना छेडू नये आणि कचरा टाकू नये. कलम ३६-अ मुळे हेच पोटकलम संवर्धन राखीव क्षेत्रालाही लागू होतं. म्हणजे वस्तू किती मायक्रॉन जाडीची, बंदीच्या यादीत आहे की नाही, याचा इथे काही संबंधच येत नाही. टाकणं हाच गुन्हा. गुन्हा टाकणाऱ्याचा, विकणाऱ्याचा नव्हे. पुढच्या ३६-ब मध्ये अशा क्षेत्रासाठी समितीची तरतूद आहे. तिच्यात वन विभागाचा प्रतिनिधी सदस्य-सचिव, हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी, वन्यजीव संवर्धनात काम करणाऱ्या संस्थांचे तीन, शिवाय कृषी आणि पशुसंवर्धन खात्यांचा एकेक. टपरीवाल्या बायांचं म्हणणं अधिकृतपणे ऐकलं जाण्याची एकमेव जागा ही, ग्रामपंचायतीच्या प्रतिनिधीमार्फत. अर्ज लिहिणाऱ्यांनी हे कलम वाचलं आणि अर्ज थोडा लांबणीवर पडला.

गोणीत काय निघतं

मंदिरापासून पायऱ्यांपर्यंत वाट वेचत उतरलं की गोणी बाटल्यांनी फुगते. तळ्याच्या काठावर बाटल्या, लेण्यांजवळ बाटल्या, आणि पायऱ्यांच्या घळीत तर अशा कपारींमध्ये अडकलेल्या की हात पोचत नाही. त्यांच्याखालोखाल चिप्स-कुरकुऱ्यांची पाकिटं. यातली बरीच माकडांनी पिशवीतून ओढून फाडलेली असतात, त्यामुळे एका पाकिटाचे पाच तुकडे गोळा करावे लागतात. तेलाच्या छोट्या पिशव्या आणि कापराच्या डब्या मंदिराच्या आसपास. गुटख्याच्या पुड्या सगळीकडे; राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, हे पुड्यांना कुणी कळवलेलं दिसत नाही. आणि पावसाळ्यातली खास भर म्हणजे वीस-तीस रुपयांचे पातळ रेनकोट. करवंदीच्या जाळीत अडकून फाटले की लोक ते तिथेच काढून टाकतात. दुरून एखादं मोठं पाखरू बसल्यासारखं वाटतं.

वेचणं आम्ही थांबवलं नाही, पण वेचण्याने पुढच्या रविवारी काही फरक पडत नाही हे सांगायला अभ्यासाची गरज नव्हती. स्वच्छता मोहिमांचा एक उत्साह असतो. हातमोजे वाटतात, फोटो होतो, मागे फ्लेक्स ताणलेला असतो. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसीचे फलक केंद्राच्या त्याच बंदीच्या यादीत आहेत. फोटो काढणाऱ्याला हे सांगून पाहा.

बाटली वरच का राहते, याचं उत्तर भंगारात आहे. लिटरच्या रिकाम्या बाटलीचं वजन साधारण २० ग्रॅम, म्हणजे किलोला ५० बाटल्या. भंगारवाला किलोचे जे थोडेफार रुपये देतो, त्यासाठी ५० बाटल्या डोंगरावरून उतरवणं कुणालाच परवडत नाही. चुरगाळल्या नाहीत तर तेवढ्यांनीच गोणी भरते. शहरात कचरावेचक बाटली सोडत नाही कारण तिथे ती वाटेत पडलेली असते. डोंगरावर तिच्यापर्यंत चढून जावं लागतं. पाकिटाची गत आणखी वाईट. प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले, वेगळे होत नाहीत, म्हणून भंगारवाला ते फुकटही घेत नाही.

टपरीवरचं गणित

टपऱ्यांवर जाऊन बसल्यावर पहिली गोष्ट ऐकू आली ती ही: “दादा, बाटली नाही ठेवली तर गिऱ्हाईक शेजारी जातं. तिथं बाटली घेतं अन् कणीसही तिथंच खातं. मग माझी कणसं कोण खाणार?” बाटलीवर तिला सुटतं ते कणसापेक्षा कमी. बाटली ही गिऱ्हाईक थांबवण्यासाठी. हे कळल्यावर बोलणं सोपं झालं, कारण बाटली तिची रोजीरोटी नव्हती; गिऱ्हाइकाला हवं होतं ते पाणी.

पायथ्याच्या वर पिण्याच्या पाण्याची भरवशाची सोय नाही. पठारावरचं तळं आहे, पण ते पिण्याचं पाणी नव्हे. चढाई दोन-अडीच तासांची, पावसाळा सोडला तर उन्हाची. घरून अर्ध्या लिटरची बाटली आणणारा माणूस पायथ्याशी पोचेपर्यंत ती संपवतो आणि भरून घ्यायला जागा नाही म्हणून नवी विकत घेतो. त्याची जुनी बाटली तिथेच, गाडीजवळ पडते.

म्हणून आधी जार आले. वीस लिटरचा जार, खाली तोटी, आणि पुठ्ठ्यावर लिहिलेलं: ‘आपली बाटली भरून घ्या, ५ रुपये’. जार तीसच्या आसपास पडायचा आणि लिटरमागे पाच धरले तर त्याचे शंभर होतात. बाटलीपेक्षा बरा धंदा. तरी पहिले काही रविवार लोक जारकडे संशयाने बघत. “पाणी कुठलं आहे?” हा प्रश्न मावशींना दिवसभर. सीलबंद बाटलीतलं पाणी कुठलं, हे मात्र कुणी विचारत नाही. शेवटी एका मावशींनी तोडगा काढला: गिऱ्हाईक समोर असताना स्वतः त्याच जारमधून ग्लास भरून प्यायच्या. त्यांच्याकडे जार संपायला लागले, आणि ते पाहून बाकीच्यांनीही ठेवले.

दहा रुपये

ज्यांच्याकडे बाटलीच नसते त्यांचं काय, हा प्रश्न उरलाच. त्यासाठी अनामत. कल्पना नवी नाही. केदारनाथला २०२२ पासून बाटल्यांवर क्यूआर कोड लावून दहा रुपये अनामत घेण्याची पद्धत सुरू झाली. निलगिरीत त्याच वर्षी, मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, सरकारी दुकानातल्या दारूच्या बाटलीवर दहा रुपये जास्त घेऊन ते रिकामी बाटली आणल्यावर परत द्यायला सुरुवात झाली; जंगलात फुटलेल्या काचांवर हत्तींचे पाय पडत होते. दोन्ही ठिकाणी मागे सरकारी यंत्रणा होती. इथे होत्या मावशी, पत्र्याचा डबा आणि ऑइलपेंटची छोटी डबी.

पेंट यासाठी की पहिल्याच दिवशी एक गडी नाशिकच्या सातपूरहून आणलेल्या बाटल्या पुढे करून दहा-दहा रुपये मागायला लागला. मग विकताना बाटलीच्या मानेवर पिवळा ठिपका द्यायचा ठरलं. ठिपका असेल तरच दहा रुपये परत.

दुसरी कुरबुर छापील किमतीची. “वीसची बाटली तीसला? तक्रार करीन.” तक्रार करणाऱ्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाहीच. अनामत वेगळी आहे, ती परत मिळणार आहे, हे गर्दीत दर वेळी समजावणं म्हणजे घसा कोरडा. उपाय निघाला तो डब्याचा: बाटलीचे वीस गल्ल्यात, अनामतीचे दहा गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने डब्यात टाकायचे. डबा समोर दिसला की वाद निम्म्यावर आला. यूपीआयने मात्र छळलं. लोक तीस रुपये फोनवरून देतात आणि उतरल्यावर दहा रोख मागतात. संध्याकाळपर्यंत डबा रिकामा. शेवटी अनामत फक्त रोखीने, असं झालं, आणि सुटे नाहीत म्हणणाऱ्यांपैकी काहींनी बाटली न घेता जारचा ग्लास घेतला. तेही चाललंच.

परत न आलेल्या बाटल्यांच्या पैशांचं काय, हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि अशा योजनांच्या वर्णनात तो क्वचित भेटतो. ते पैसे विकणारीकडेच राहिले, तर बाटली परत न येण्यातच तिचा फायदा. कुणी लबाडी करेल असं नव्हे, पण व्यवस्थेनेच तिला उलट्या दिशेला ओढायला नको. मावशींचं आपसात ठरलं की उरलेले पैसे एकत्र करायचे आणि त्यातून बाटल्यांच्या गोण्या सातपूरच्या भंगारवाल्यापर्यंत नेणाऱ्या ‘छोटा हत्ती’ टेम्पोचं भाडं द्यायचं.

मग पोरांना वास लागला. ठिपक्याची बाटली म्हणजे दहा रुपये, हे पाड्यावर पसरायला एक दुपार पुरली. गोणीतल्या बाटलीला किलोमागे काही रुपये, इथे एकेका बाटलीला दहा. पोरं घळीत उतरायला लागली, पावसात, निसरड्या दगडांवर. घळ साफ होत होती आणि गटातले काही जण खूश होते. मावशी नव्हत्या. त्यातल्या दोघींनी सरळ सांगितलं की पोरांच्या हातून बाटली घेणार नाही. मोठं माणूस घेऊन आलं तरच पैसे. गटात यावर बरीच चर्चा झाली, पण मला विचाराल तर चर्चेचं कारण नव्हतं. त्या पोरांच्या आया होत्या.

ठिपक्याने काय दाखवलं

ठिपका दिला होता पैशांच्या हिशोबासाठी. तो दुसऱ्याच कामाला आला.

पठारावरून वेचलेली गोणी खाली ओतली की पिवळे ठिपके शोधावे लागत. टपऱ्यांवर विकलेल्या बाटल्या बहुतेक परत येत होत्या. न आलेल्या थोड्या तळ्याकाठी आणि घळीत सापडत. बाकी ढिगारा बिनठिपक्याचा होता. या बाटल्या गाड्यांतून आल्या होत्या: नाशिकच्या दुकानांतून बॉक्सने घेतलेल्या, सहलीच्या बसमध्ये वाटलेल्या, हॉटेलच्या नावाच्या, लग्नात उरलेल्या दोनशे मिलीच्या. चिप्सच्या पाकिटांचंही तेच. टपऱ्यांवर जे ब्रँड नव्हतेच त्यांची पाकिटं वर सापडत होती. इतकी वर्षं जो कचरा टपऱ्यांच्या नावावर खपत होता, त्यातला मोठा भाग डिकीतून येत होता. टपऱ्या उठवण्याचा अर्ज तिथेच संपला. टपऱ्या उठवल्या असत्या तर जार गेले असते, अनामत गेली असती, आणि शहरातून आलेली बाटली तिथेच राहिली असती.

म्हणून आता वाद सरकला आहे तो गाड्या थांबतात तिथे. एक मत असं, की प्रवेशाशीच प्रत्येकाच्या बाटल्या-पाकिटं मोजून अनामत घ्यावी आणि उतरताना दाखवली की परत द्यावी. कागदावर हे फार छान दिसतं. रविवारी सकाळी आठ ते दहा या वेळात तिथे उभं राहून पाहिलं की कळतं, प्रत्येकाची पिशवी उघडायची तर रांग थेट त्र्यंबक रस्त्याला लागेल. दुसरं मत: पिशव्या उघडायच्या नाहीत, फक्त बाटल्यांना ठिपका द्यायचा आणि गाडीमागे एक रक्कम ठेवून घ्यायची. मला हे जमण्यासारखं वाटतं, विशेषतः सहलीच्या बससाठी. बसचा प्रमुख एकच असतो, त्याच्याकडे पैसे मागता येतात. पण अनधिकृत गटाने रस्त्यावर उभं राहून पैसे घेणं योग्य नाही, कायदेशीर तर नाहीच. हे ३६-ब च्या समितीने ठरवावं, ग्रामपंचायत आणि वन विभागाने मिळून चालवावं, आणि कलम २७(४) चा फलक मराठी-हिंदीत तिथे लावावा. एक-दोघांवर खरोखर कारवाई झाली तर फलक वाचला जाईल.

रेनकोट आणि पाकिटं यांच्यापुढे आम्ही जवळपास हरलोच. शेंगा आणि फुटाणे कागदाच्या पुडीत मिळायला लागल्यावर टपरीवरची पाकिटं थोडी कमी झाली, इतकंच. रेनकोटला पर्याय म्हणून छत्र्या भाड्याने देऊन पाहिल्या. अंजनेरीच्या वाऱ्याने पहिल्याच रविवारी त्यांचा निकाल लावला. इरलं, म्हणजे पानांचं विणलेलं पावसाळी आच्छादन, द्यावं असंही एक जण म्हणाला. ते विणणारं आता पंचक्रोशीत कोण उरलंय, असं मावशींनी विचारल्यावर तो गप्प बसला.

पुढच्या पावसाळ्याची बोलणी सुरू आहेत आणि त्यापुढे सिंहस्थ कुंभमेळा आहे. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे ऐन अंजनेरीच्या गर्दीच्या दिवसांत. त्र्यंबकला आलेला माणूस हनुमानाच्या जन्मस्थानी येणारच. टपऱ्या वाढतील, बाहेरचे विक्रेते येतील, आणि चार-पाच बायांनी आपसात ठरवलेलं डब्याचं गणित अनोळखी विक्रेते पाळतील याची खात्री नाही. मावशींनी त्यासाठी दोन मागण्या केल्या आहेत. पायथ्याशी कोण बसणार याची यादी ग्रामपंचायतीने आधीच करावी, आणि यादीतल्या प्रत्येकीला अनामतीचा नियम बांधून द्यावा. दुसरी मागणी रंगाची: पिवळा ठिपका चिखलात दिसत नाही, पुढच्या वेळी लाल आणा.